स्पिरिट गम: दाढी चिकटते खरी, पण दुसऱ्या अंकापर्यंत टिकते का?

चरित्र भूमिका करणाऱ्या नटाच्या पेटीतले रंग बदलतात, ब्रश बदलतात, नकली दाढीमिशी चिकटवायच्या स्पिरिट गमची बाटली मात्र कायम असते. दादरच्या शिवाजी मंदिरचा रंगपट असो की गोरेगावच्या चित्रनगरीतली मेकअप रूम, टेबलावर क्रायोलानची किंवा कुठली तरी एक बाटली असतेच. बाजारात बिनलेबलचा सुटा गमही मिळतो. आमचे मत आधीच सांगतो: रंगमंचावरच्या दाढीमिशीला याच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही. दाढी निघाली की सगळे बाटलीला बोल लावतात, पण बहुतेक वेळा चूक लावण्यात असते.

गम म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ. स्पिरिट उडून जाते, राळ मागे राहते आणि धरते. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

पहिला नियम चेहऱ्याचा. दाढी सकाळीच करून ठेवावी. प्रयोगाच्या तोंडावर वस्तरा फिरवून लगेच गम लावला तर नट अक्षरशः उडतो. क्रीम, आफ्टरशेव्ह, खोबरेल काहीही नको. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट फिरवून त्वचा कोरडी करून घ्या. हौशी संघांत हमखास होणारी चूक अशी की आधी पूर्ण चेहऱ्याला बेस लावायचा आणि त्यावर दाढी चिकटवायची. अशाने गम कातडीला न धरता रंगाला धरतो, आणि घामाबरोबर रंग सुटला की दाढीही सुटते. जिथे दाढी बसणार तेवढा भाग कोरा ठेवावा, बेस नंतर कडेपर्यंत आणावा.

आता जाळीवर विणलेली दाढी. आधी ती कोरडीच लावून पाहा आणि हनुवटीचा मध्य जुळवा. मग गमचा पातळ हात त्वचेवर द्या, जाळीवर नको, नाहीतर तो केसांत चढतो आणि पुढच्या प्रयोगाला दाढीची मुळे ताठ झालेली सापडतात. लावल्यावर लगेच दाढी ठेवू नये. बोटाने टपटप करत राहावे, बोट उचलताना तार ओढली जायला लागली की गम तयार. मग हनुवटीपासून सुरुवात करून दोन्ही जबड्यांकडे जावे आणि ओलसर, धागे न सोडणाऱ्या फडक्याने सरळ दाबावे. घासले की कड गुंडाळते.

हे सगळे चालू असताना नटाने तोंड उघडे ठेवायचे असते. मिटल्या तोंडावर बसवलेली दाढी पहिल्याच मोठ्या वाक्याला ओठांच्या कोपऱ्यातून उचकते, कारण जबडा खाली गेला की कातडी ताणते आणि जाळी ताणत नाही. चित्रपटात पूर्ण दाढी तीन-चार तुकड्यांत करतात ती याचसाठी. नाटकाला भाड्याने मिळणारी दाढी बहुधा अखंडच असते. तिच्या कोपऱ्यांपाशी थोडी जागा गमविना सोडली तर बोलणे मोकळे होते आणि पकडही टिकते.

क्रेपचे, म्हणजे सुटे नकली केस थेट चेहऱ्यावर चिकटवण्याचे, काम वेगळे. क्रेप वेणीत येतो, तो वाफेवर सरळ करून घ्यावा लागतो. लावायची दिशा खालून वर: आधी हनुवटीखालचा गळ्याकडचा भाग, मग हनुवटीचा पुढचा, मग कल्ले, शेवटी मिशी. एकाच रंगाचा क्रेप प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही नकली दिसतो. दोन-तीन छटा मिसळा. डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली ‘नटसम्राट’मधले बेलवलकर केले तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, तरुण चेहऱ्यावर म्हातारपण चढवायचे तर आवाज आणि चाल पुष्कळ काम करतात, पण केसांत खोट दिसली की प्रेक्षक दुसरे काही बघत नाही.

मुंबईचा घाम हा या बाटलीचा खरा शत्रू. जून ते ऑक्टोबर हवेतच पाणी असते आणि विंगेत एसीचा वारा पोहोचत नाही. ओलाव्याने गम दुधाळ पांढरा पडतो आणि काळ्या दाढीच्या कडेला ती रेघ दिव्यात चमकते. मॅट गमने चकाकी जाते, पांढरेपणा पूर्ण जात नाही. मध्यंतरात कड उचकलेली दिसली तर वरून आणखी गम ओतू नका. आधी स्पिरिटच्या काडीने जुना गम पुसा, घाम टिपा, मग नवा पातळ हात द्या. रविवारी दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग असतील तर मधे दाढी काढून चेहऱ्याला विश्रांती द्यावी, हे कंटाळवाणे असले तरी.

झटपट वेशांतराला मात्र हा गम कामाचा नाही. ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एकामागून एक रूपे बदलत, ‘हसवाफसवी’त दिलीप प्रभावळकर सहा भूमिका करत. अशा नाटकात गम सुकायला आणि सुटायला वेळ कुठून आणणार? तिथे दुहेरी चिकटपट्टी, चष्मा, टोप आणि नटाचे अंग हेच खरे. कॅमेऱ्यासमोरही गमची मर्यादा कळते. क्लोजअपला बारीक जाळी लागते, आणि सिलिकॉनचे तुकडे लावायचे तर वेगळा चिकटा.

काढताना ओढू नये. रिमूव्हरचा ब्रश कडेने फिरवावा, थोडे थांबावे, सुटत जाईल तशी दाढी उचलावी. जाळी उलटी करून टिश्यूवर ठेवून स्पिरिटने धुवावी. हे न करता परत केलेली दाढी पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते.

एक सावधगिरी. स्पिरिट पेट घेते. नटराजपूजनाची उदबत्ती आणि उघडी बाटली एकाच टेबलावर, हे दृश्य नाट्यगृहांत फार दिसते. तिसऱ्या घंटेच्या गडबडीत तर कुणाचेच लक्ष नसते. नवीन नटाला आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पाहावा, लाल झाले तर दुसरा उपाय शोधावा.

खरेदी करताना बाटली लहानच घ्या. मोठी निम्मी होईपर्यंत काकवीइतकी घट्ट होते. मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब टाकून पातळ करता येते, पाणी कधीच नाही. झाकण लावण्याआधी बाटलीचे तोंड पुसा, नाहीतर पुढच्या वेळी पक्कड लागेल. आणि रिमूव्हर त्याच वेळी घ्या, कारण रात्री प्रयोग संपल्यावर दुकाने बंद असतात.