जुन्या गाडीत टेप बसवायचाय: साधा यूएसबी प्लेयर की अँड्रॉइडची मोठी स्क्रीन?

आधी पट्टी घेऊन डॅशबोर्डमधली खाच मोजा. खाचा दोन ठरलेल्या मापांच्या असतात, त्यांना डिन म्हणतात. रुंदी दोन्ही मापांत १८० मिलिमीटरच. उंची ५० भरली तर सिंगल डिन, १०० भरली तर डबल. मारुती ८००, ओम्नी अशा गाड्यांत बहुधा सिंगलच सापडते आणि निम्मा निर्णय तिथेच होतो. त्या खाचेत ७ इंची डबल डिन स्क्रीन घालायची तर डॅश कापावा लागतो. वीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक कापताना तडकतं, आणि बदली डॅश भंगारातच शोधावा लागतो.

साधा, सीडी नसलेला ब्लूटूथ-यूएसबी प्लेयर हजार-दोन हजारांत येतो. स्वस्त अँड्रॉइड पाच ते आठ हजारांत. फ्रेम, कपलर (वायरी जोडायचा सॉकेट), मजुरी वेगळी. दोन्हीच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. मागे १० अँपिअरचा फ्यूज असतो. १४ व्होल्टने गुणलं तरी १४० वॅटच होतात, मग २०० येणार कुठून? एका स्पीकरला खरे १५ ते २० वॅट मिळतात, स्वस्तालाही आणि महागालाही. म्हणून आवाजच हवा असेल तर साधा प्लेयर घ्या आणि वाचलेल्या पैशांत पुढचे दोन स्पीकर बदला. घेण्याआधी स्पीकरच्या चुंबकाची खोली बघा, नाहीतर दाराची काच खाली येताना त्यावर आपटेल.

आता ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि बंद गाडीतला डॅश त्याहून कितीतरी तापतो. स्वस्त स्क्रीनचा टच अशा वेळी भलतीकडेच लागतो, प्रोसेसर मंदावतो, नकाशा चौकातच अडकतो. साध्या प्लेयरचं खोकं उघडलं तर आत निम्मी हवाच. तापणारी गोष्ट म्हणजे मागच्या हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) चिकटलेला अँप्लिफायरचा आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, बस. तेवढ्या जागेवर वायरींचा बोळा कोंबू नका.

बिघाड होतो तो बहुतेक वायरिंगमध्ये, आणि ते दोघांनाही सारखंच. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीवरची, काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. चावी काढून टेस्ट लॅम्प लावा: पेटला तर ती वायर थेट, चावी फिरवल्यावरच पेटला तर ती लालला द्यायची. पिवळी आणि लाल एकत्र पिळून चावीवर जोडल्या की प्लेयर दर वेळी घड्याळ आणि स्टेशन विसरतो. दोन्ही थेट जोडल्या तर बॅटरी उतरते. काळी वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळा. रंगावर आवळली तर इंजिनाच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते.

सगळ्यात महागात पडते ती स्पीकरची जुनी वायर. काही जुन्या गाड्यांत स्पीकरचं एक टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं. आजच्या प्लेयरमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी अँप्लिफायरच्याच असतात. त्यातली एकही बॉडीला लागली की आयसी जाऊ शकतो. जुना टेप काढल्यावर मल्टीमीटर बीपवर ठेवून प्रत्येक स्पीकर वायर बॉडीला जोडलेली आहे का ते तपासा. बीप वाजला तर नवी दोन-कोअर वायर ओढा. पांढऱ्या वायरींची जोडी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. सांधे सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती इन्सुलेशन टेप उन्हात चिकट होऊन सुटते. प्लेयरच्या पाठीला लोखंडी पट्टीचा आधार द्या, नाहीतर शेतरस्त्यावर कपलर ढिला होतो.

गाडी आठवड्यातून एकदाच, बाजाराला निघत असेल तर अँड्रॉइड घेताना दहादा विचार करा. चावी काढल्यावर त्याचा स्लीप मोड नीट लागला नाही आणि ३०० मिलिअँपिअर जात राहिले, तर रोजचे ७ एएच (अँपिअर-अवर) गेले. ३५ एएचच्या बॅटरीला तिसऱ्या दिवशी स्टार्टर ओढवत नाही. बसवल्यावर चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मल्टीमीटर घाला आणि दहा मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला की ठीक. मीटर लावलेला असताना मात्र स्टार्टर मारू नका.

रेडिओत दोन्ही सामान्यच. जळगाव आकाशवाणी ९६३ किलोहर्ट्झवर ऐकत आलेल्यांनी खोक्यावर ‘एएम’ (मीडियम वेव्ह) आहे का ते बघावं; बऱ्याच स्वस्त प्लेयरमध्ये फक्त एफएम असतो. गाण्यांसाठी पेनड्राइव्हच बरा, तोरणमाळच्या घाटात रेंजची वाट बघत बसावं लागत नाही. ३२ जीबीचा घ्या, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, अहिराणी गाणी एमपी३ मध्येच भरा.

अँड्रॉइड कधी घ्यावा? खाच आधीच डबल आहे, गाडी रोज पळते आणि रिव्हर्स कॅमेरा हवाच आहे, तेव्हा. त्यातही रॅम २ जीबीपेक्षा कमी नको, आणि ‘अँड्रॉइड १३’ या लेबलवर विसंबू नका. सेटिंगमधला आकडाही बदललेला असू शकतो. दुकानातच १२ व्होल्टवर जोडून घ्या, नकाशा आणि गाणं एकत्र चालवा, मग ब्लूटूथवर फोन लावून समोरच्याला विचारा, आवाज येतो का.