आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण: देवगडच्या सड्यावरचे दोन हंगाम

मुलगी आठवीत असताना तिच्यासाठी ही दुर्बीण घेतली. डॉब्सोनियन म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेली आरशाची दुर्बीण; आठ इंच हा तिच्या मोठ्या आरशाचा व्यास. खोक्यावर लाल, गुलाबी, निळ्या तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगांचे, फोटो होते आणि विकणाऱ्यानेही फोनवर "अगदी असंच दिसतं" असं सांगितलं होतं. जानेवारीत मोहोरावरची फवारणी उरकली आणि रात्री साडेनऊला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दुर्बीण मांडून मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ गाठला. पोरीने डोळा लावला. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बाबा, रंग खंय गेले?"

तिचा तो चेहरा आठवला की त्या खोक्याचा अजून राग येतो. रंग खोटे नसतात, पण ते मिळतात कॅमेऱ्याला, कारण तो मिनिटं-तास प्रकाश साठवत राहतो. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा; अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो जवळपास दिसतच नाही. ऑक्सिजनचा हिरवा ५०१च्या आसपासचा, तो दिसतो. म्हणून मृगातला मेघ राखाडी, किंचित हिरवट झाक असलेला. गिऱ्हाइकाला हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं.

आता जे दिसतं त्याबद्दल. २५ मिमीचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवलं की ४८ पट मोठं दिसतं. मध्यभागी चार तारे, तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसे जवळजवळ. हे तिथेच जन्मलेले, आणि त्यांच्याच तेजाने भोवतीचा वायू उजळलाय. त्यांच्या शेजारी खाडीच्या मुखासारखी काळी खाच आत घुसलेली, आणि दोन्ही बाजूंनी पंख असे पसरलेले, जसं पाग फेकल्यावर जाळं हवेत उघडतं. वीस मिनिटं अंधारात बसा, बॅटरीला लाल जिलेटिन लावा आणि थेट न बघता जरा बाजूला बघा. पंख दुप्पट लांब होतात. हा प्रकाश सुमारे १,३५० वर्षांपूर्वी निघालाय, बदामीच्या चालुक्यांच्या काळात. पोरीला हे सांगितल्यावर तिने आयपीस सोडलंच नाही.

आपल्याकडे धनू राशीतले तेजोमेघ संध्याकाळी वर येतात तेव्हा पाऊस असतो. त्यावर उपाय म्हणजे एप्रिलची पहाट. आंब्याची राखण असतेच, चारला उठायचं. धनूतला लगून तेजोमेघ आणि त्यातला तारकागुच्छ तेव्हा दक्षिणेला छान वर असतो. मार्च-एप्रिलात रात्री दहा-अकराला मिठबावच्या दिशेला, म्हणजे दक्षिणेला, हात लांब करून धरलेली दीड मूठ क्षितिजापासून वर कॅरिना तेजोमेघ सापडतो. लंडनच्या माणसाला तो घरून कधीच दिसत नाही. पश्चिमेला मात्र एलईडी लावलेल्या मासेमारीच्या होड्यांचा उजेड असतो. तिकडे वेळ घालवू नका.

दोन तक्रारी. बैठक भुशाच्या बोर्डाची आहे, पहिल्याच पावसात कडा फुगल्या. आता सगळ्या कडांना व्हार्निशचे तीन हात दिलेत. आणि आरसे जुळवलेले आले नव्हते. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, मी दोन संध्याकाळी खर्चून जुळवले. दवासाठी नळीच्या तोंडाला योगा मॅट गुंडाळतो, पहाटेपर्यंत टिकते.

पन्नास हजारांच्या वर गेले. पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेईन.

खाऱ्या हवेची सगळ्यात जास्त धास्ती होती. मेअखेरीस नळीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दोन्ही तोंडं बंद केली, वर प्लास्टिक बांधलं. ऑक्टोबरात पोरीनेच उघडलं, बॅटरी तिरपी धरून आरसा कडेकडेने तपासला. एकही डाग नव्हता.