माथेरान सहकुटुंब: पॉईंट छान आहेत, पण दस्तुरी नाक्याचं काय?

माथेरानबद्दलची बहुतेक परीक्षणं हवा, पॉईंट आणि चिक्की यांवरच आटोपतात. सहकुटुंब जाणाऱ्याची अडचण मात्र वेगळीच असते. माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याला गाडी सोडली की बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर. गुडघे दुखणारी आजी, चार वर्षांचं मूल आणि दोन जड बॅगा तिथपर्यंत न्यायच्या कशा? म्हणून इथे हॉटेलं बाजूला ठेवून फक्त पोचण्या-फिरण्याच्या व्यवस्थेकडे पाहू. आमचं मत आधीच सांगून टाकतो: कल्पनेला पैकीच्या पैकी गुण, अंमलबजावणी काठावर पास.

कल्पना साधी आहे. डोंगरमाथ्यावरच्या या गावात मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन सोडलं तर पर्यटकाची कितीही महागडी गाडी असो, ती दस्तुरीलाच थांबते. 2003 मध्ये माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि या बंदीला कायद्याचं पाठबळ मिळालं. फायदा पहिल्या दहा मिनिटांतच कळतो. मुलाचा हात सोडून निवांत चालता येतं, मागून हॉर्न येत नाही. मे महिन्यातल्या महाबळेश्वरच्या बाजारात ज्याने मुलांना घेऊन रस्ता ओलांडलाय त्याला याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

आता पोचण्याकडे वळू. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ. पुण्याहून येताना कर्जतला उतरून मुंबईकडच्या लोकलने दोन स्टेशनं मागे यायचं: भिवपुरी रोड, मग नेरळ. नेरळहून वर जायला दोन वाटा आहेत, मिनी ट्रेन किंवा शेअर टॅक्सी.

मिनी ट्रेन 1907 साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली ती उभी राहिली. रूळ जेमतेम दोन फूट रुंदीचे, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. चढ तोडायला काही घाटमार्गांवर गाडी पुढे-मागे करत उलट दिशेने नेतात. इथे तसं न करता घोड्याच्या नालेसारखी वळणं घातली, म्हणून इंजिनाची दिशा बदलावी लागत नाही. रूळ अरुंद असल्यामुळेच इतकी आवळ वळणं शक्य झाली. याची किंमत वेळेत मोजावी लागते. रस्त्याने टॅक्सी वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरी गाठते, गाडीला मात्र जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज करत सुमारे वीस किलोमीटरला अडीच तासांहून जास्त लागतात.

मुलांसाठी हे अडीच तास सोन्यासारखे, हे खरं. पण तिकीट ही डोकेदुखी आहे. नेरळला आगाऊ आरक्षण मिळत नाही. खिडकी गाडी सुटायच्या थोडा वेळ आधी उघडते, डबे मोजके आणि फेऱ्या दिवसाला दोनच. शनिवार-रविवारी रांगेत शेवटी उभं राहिलात तर तिकीट मिळेलच असं नाही. उपाय एकच: घरातल्या एका धडधाकट माणसाला पहिल्या लोकलने पुढे पाठवा, बाकीच्यांनी मागून यावं. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंदच असते. त्यालाही कारण आहे. 2005 च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसानंतर तर पूर्ण मार्ग 2022 च्या ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. या डोंगराची माती पाण्यापुढे टिकत नाही.

म्हणून वयस्कर मंडळी सोबत असतील तर आमचा सल्ला असा: चढताना टॅक्सीने दस्तुरी, तिथून जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंतची शटल, म्हणजे मिनी ट्रेनचीच छोटी फेरी. मिनी ट्रेनची हौस उतरताना भागवता येते, पण तीही तिकीट मिळालं तरच. शटलला वीसएक मिनिटं लागतात, ती थेट बाजारपेठेच्या तोंडाशी सोडते आणि पावसाळ्यातही बहुधा चालू असते. तिलाही डबे थोडेच, त्यामुळे दस्तुरीला उतरल्या उतरल्या एकाने सामान न घेता अमन लॉजच्या खिडकीकडे सुटायचं, बाकीच्यांनी प्रवेश कर भरून सावकाश यायचं. सगळे मिळून बॅगा ओढत गेलात तर तिकीट हमखास हुकतं.

शटल हुकली तर दुसरा पर्याय ई-रिक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने 2022 च्या अखेरीस त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. संख्या कमी, मार्ग मुख्य रस्त्यापुरता, आणि शाळेच्या वेळेला गावातल्या मुलांना त्यांची गरज जास्त. त्यामुळे ई-रिक्षा मिळाली तर देवाची कृपा असं धरून चालावं. हातरिक्षांबद्दल 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत थांबवा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन ई-रिक्षांतून करा. निर्णय योग्यच होता. चढावर एका हातरिक्षेला एक जण पुढे ओढायला आणि दोघे मागून ढकलायला लागत, हे ज्याने पाहिलंय त्याला त्यात बसायचा संकोचच वाटला असेल. पण पुनर्वसन म्हणजे पुरेशा ई-रिक्षा. त्यांची रांग आजही आजोबांच्या सहनशक्तीची परीक्षा पाहते.

तिसरा पर्याय घोडा, आणि चौथा आपले पाय. चालणार असाल तर सामान हमालाला द्या. चाकांची बॅग इथे निरुपयोगी. लाल मातीत बारीक चाकं रुततात, पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, आणि एखादं चाक निखळलं की उरलेली वाट ती बॅग उचलून न्यावी लागते. पाठीवरची सॅक किंवा कापडी बॅग बरी. हमालाशी नग मोजून, हॉटेलचं नाव सांगून, आधीच पैसे ठरवावेत. बाबागाडीचा तर विचारही करू नका, तान्ह्या मुलाला अंगाला बांधायची झोळीच कामाला येते. बरेच जण रुळांवरून चालतात, कारण तिथे चढ सौम्य आणि वाट थेट असते. शटलच्या वेळा बघूनच तसं करावं आणि लहान मुलांना घेऊन वळणांवर तर मुळीच करू नये.

दस्तुरी नाक्यावर सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे गाठणारे दलाल. "शटल बंद आहे", "चालत दोन तास लागतील", "घोड्याशिवाय पर्याय नाही" ही तीन वाक्यं ऐकू आली की सरळ अमन लॉज स्टेशनवर जाऊन खिडकीवर विचारावं. ही तक्रार फक्त पर्यटकांची नाही. पर्यटकांच्या या फसवणुकीविरुद्ध 2025 च्या मार्चमध्ये खुद्द माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं होतं. उपाय अवघड नाही: मोठ्या अक्षरातला दरफलक, शटलची पुढची वेळ दाखवणारी पाटी, माहिती सांगणारा एक माणूस, आणि रांगेवर छप्पर. नियोजनात पैसा फार लागतो असं म्हणतात, यातल्या निम्म्या गोष्टींना रंगाचा डबा पुरेल.

रस्त्यांचं प्रकरण जरा खोलात पाहण्यासारखं आहे. माथेरानचा माथा जांभ्याचा. त्यावरची लाल माती कोरडी असताना धूळ होते आणि पावसात वाहून जाते. उन्हाळ्यात घोड्यांच्या टापांनी ती पिठासारखी बारीक होते, त्यात लीद मिसळते आणि हवेबरोबर घशात जाते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मार्च ते मे मास्क आणि नेहमीचा पंप जवळ ठेवलाच पाहिजे. यावर तोडगा म्हणून पेव्हर ब्लॉक आले आणि वाद पेटला. घोडेवाल्यांचं म्हणणं, ओल्या ब्लॉकवर घोड्याची नाल घसरते. पर्यावरणवाल्यांचं म्हणणं, पाणी मुरत नाही. ज्येष्ठांचं आणि ई-रिक्षावाल्यांचं म्हणणं, मातीत चालवायचं कसं? न्यायालयाने मध्यम मार्ग काढला. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉकला परवानगी, आतल्या रस्त्यांना आणि पायवाटांना नाही. आम्हाला हा तोडगा पटतो. एक मुख्य धमनी पक्की, बाकी जंगल जसंच्या तसं. मात्र ब्लॉकवर शेवाळ धरतं, म्हणून पावसाळ्यात आजीच्या पायात गुळगुळीत तळव्याची चप्पल नको आणि उतारावर तिने ब्लॉकची कड सोडून मधून चालावं.

मुक्कामी पोचल्यावर दिवसाची आखणी दिशेने करावी, पॉईंटच्या आकड्याने नाही. "बारा पॉईंट, तीन तास" असं घोड्याचं पॅकेज घेतलं की मुलं घोड्यावर कंटाळतात आणि कुठला पॉईंट कोणता हे संध्याकाळी कुणालाच आठवत नाही. पश्चिमेकडची बाजू कुटुंबासाठी सगळ्यात सोयीची: शार्लोट तलाव, शेजारचं पिसारनाथाचं देऊळ, मग लॉर्ड, इको, लुईझा. वाट जांभूळ, हिरडा, अंजनीच्या सावलीतून जाते. शार्लोट तलावातून गावाला पाणी मिळतं, म्हणून त्यात पाय बुडवायचा मोह मुलांना आवरायला लावा. संध्याकाळी पॉर्क्युपाईन पॉईंटला सूर्यास्त, समोर प्रबळगड. तिथून परतताना झाडीत अंधार लवकर पडतो आणि आडवाटांवर दिवे नसतात, तेव्हा खिशात टॉर्च हवाच. मोबाईलचा दिवा चालतो, पण दिवसभर फोटो काढून चार्जिंग उरलेलं नसतं.

दक्षिणेला अलेक्झांडर, रामबाग, वन ट्री हिल हा दुसऱ्या दिवसाचा बेत. पॅनोरमा उत्तरेला, बाजारापासून लांब. सूर्योदयासाठी प्रसिद्ध असला तरी लहान मुलांना पहाटे उठवून इतकं चालवण्यात अर्थ नाही. आजी-आजोबांना बाजाराजवळचं माधवजी गार्डन आणि खंडाळा पॉईंट पुरेसा आहे: बसायला जागा, थोडं चालणं, दरी समोर. एक सावधगिरी सगळीकडे: काही कड्यांवर कठडे आहेत, काहींवर अजिबात नाहीत, आणि सुटी माती पायाखालून सरकते. मुलांना कड्यापासून दोन हात मागेच थांबवा.

घोड्यावर मूल बसवायचं तर हेल्मेट मागून घ्या, लगाम घोडेवाल्याच्याच हातात राहू द्या आणि दौडवायला ठाम नकार द्या. भाडं तासावर की पॉईंटवर, परतीसह की एका बाजूचं, हे चढण्याआधी विचारावं. माकडांना प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ एवढंच कळतं. चिक्कीची पिशवी हातात न धरता सॅकमध्ये टाका, आणि पिशवी ओढलीच तर सोडून द्या. चिक्कीपायी हाताला ओरखडे कशाला? थोडी रोकड जवळ असावी, नेटवर्कच्या भरवशावर हमालाचे पैसे अडकतात.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांना दोन गोष्टी. नेरळचा घाट तीव्र आहे. चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरला थांबत-थांबत जावं लागलं की क्लच तापून वास येतो, म्हणून शनिवारी सकाळी नऊच्या आत वर पोचा. नंतर दस्तुरीचा वाहनतळ भरतो आणि रांग घाटात उतरते. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न बसता दुसऱ्या गिअरमध्येच गाडी सोडावी.

परतीला रविवार दुपारची शटल गाठायची तर जेवण आधी उरकून माथेरान स्टेशनवर लवकर रांग लावा, शेवटच्या फेरीवर विसंबू नका. नेरळला संध्याकाळी मुंबईकडच्या लोकल कर्जतहूनच भरून येतात. मुलं-म्हातारी सोबत असतील तर नेरळहून उलट दिशेने कर्जतला जा, दोनच स्टेशनं आहेत, आणि तिथून सुटणारी लोकल पकडा. तिकीट मात्र दोन्ही टप्प्यांचं काढायचं: नेरळ-कर्जत आणि कर्जतपासून घरच्या स्टेशनपर्यंत.