दिवाळी ते मृग: आपोआप बदलणाऱ्या नॉइज कॅन्सलेशनचा अनुभव

कानात घालायचे वायरलेस बड्स दिवाळीत घेतले, आता मृग लागला, म्हणजे थंडी, लगीनसराई, उन्हाळा सगळं बघून झालंय यांचं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण जे लिहायलोय ते थोड्याफार फरकानं सगळ्याच अॅडाप्टिव्हवाल्या बड्सला लागू आहे. साधं नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणं, एक नंबर, त्यात वादच नाही, पण बाहेरचा गोंगाट बघून आपोआप कमी-जास्त होणारं जे अॅडाप्टिव्ह किंवा ऑटो मोडचं फीचर आहे, ज्याच्यासाठी दुकानदार जास्तीचे पैसे लावतो, त्यानं लई डोकं खाल्लं.

माझं रोजचं जाणं-येणं जालना ते शेंद्रा एमआयडीसी, कंपनीच्या बसनं. इंजिनची घरघर तर बड्स घातल्या घातल्या गायब होते. बाहेरचा माइक आवाज ऐकतो आणि बड त्याच्या बरोब्बर उलटी लहर सोडतो, त्यामुळं एकसुरी जाड आवाज, म्हणजे इंजिन, कूलर, पंखा, हे चांगले दबतात. हॉर्न, पोरांचं ओरडणं, बाजूच्याचं फोनवर बोलणं हे बारीक आणि अचानक येणारं असतं, ते पूर्ण दबत नाही, कोणत्याच कंपनीचं नाही. खोक्यावर जो डेसिबलचा मोठा आकडा असतो तो पण सगळ्या आवाजांना धरून नसतो, जिथं सगळ्यात जास्त दबतं तिथला असतो.

आता आपल्या जालना रोडवर हॉर्न काही थांबत नाही. ऑटो मोडमध्ये बदनापूर येईपर्यंत गाणं पावसाळ्यातल्या लाइटीसारखं यायचं-जायचं. आधी वाटलं पीसच खराब आहे, सर्व्हिस सेंटरला नेलं तर काउंटरवरचा म्हणतो सर यात काहीच नाही, रिसेट मारून देतो. रिसेटनं माझं इक्वलायझर तेवढं उडालं, बाकी जैसे थे.

मग एकेक फीचर बंद करत बसलो तेव्हा कळलं की हा एक बिघाड नव्हताच, तीन-चार वेगळ्या गोष्टी एकमेकात गुंतल्या होत्या. पहिलं ते बोललं की आवाज कमी करणारं सेटिंग. तुम्ही बोलायलात असं वाटलं की ते गाणं खाली घेतं आणि बाहेरचा आवाज आत सोडतं. पण त्याला खोकला पण बोलणंच वाटतो, गुणगुणलं तरी तेच, शेजाऱ्याला नुसतं "सरका की जरा" म्हटलं तरी गाणं गेलं. ते बंद केलं आणि अर्धी कटकट तिथंच मिटली.

दुसरं वारा. खिडकीत बसलं की वारा थेट माइकवर आदळतो आणि कानात फडफड होते. ऑटो मोड अशा वेळी बाहेरचे माइक कमी करतो म्हणून कॅन्सलेशन ढिलं पडल्यासारखं वाटतं. त्यात बिघाड काही नाही, खिडकी लावा नाहीतर आतल्या सीटवर बसा.

तिसरं, आणि हे आपल्याकडचं खास, दस्ती. उन्हाळ्यात कानावरून दस्ती बांधली की कापड माइकवर घासतं, खरखर होते, आणि बाहेरचं ऐकू यायचा मोड चालू असला तर बारीक शिट्टी वाजते. हात कानावर धरून बघा, तशीच वाजते. वर दस्ती नीट करताना बडला बोट लागतं, दाबून धरल्यासारखं होतं आणि मोड बदलतो. आपल्याला वाटतं हे मनानंच बदलायलंय! अॅपमध्ये जाऊन दाबून धरायचा टच बंद करून टाका.

डाव्या बडचं कॅन्सलेशन मात्र खरंच कमी झालं होतं. दिवाळीत गावाकडं सोयाबीनची मळणी चालू होती, मी तिथंच बड्स घालून उभा, भुसकट सगळीकडं. खोक्यावर आयपीएक्स४ (पाणी-धुळीपासून बचावाचं रेटिंग) लिहिलेलं होतं, पण ते घाम आणि शिंतोड्यापुरतं, त्यातला एक्स म्हणजे धुळीची टेस्टच धरलेली नाही. नेमकं काय बिघडलंय ते ओळखायला घरचा कूलर कामी आला. कूलर फुल करायचा, गाणं बंद, फक्त कॅन्सलेशन चालू. मग दोन्ही बडच्या टोकाची रबरं आपसात बदलायची. दोष रबराबरोबर दुसऱ्या कानात गेला तर रबर ढिलं, जागेवरच राहिला तर बहुतेक बडच्या तोंडावरची जाळी तुंबलेली. माझी जाळी होती. बड जाळी खाली करून धरला आणि कोरड्या मऊ टूथब्रशनं हळूहळू झाडला, सुई-टाचणी अजिबात नाही, पाणी पण नाही. रबरं काढून धुतली, पूर्ण वाळवली, मग लावली. फरक लगेच कळला. आणि दोन्ही कानाला एकच साइज बसेल असं नसतं, मला उजवीकडं मोठं लागतं. रबर घट्ट बसलं नाही तर पुढचं सगळं सॉफ्टवेअर फुकट.

अॅपचं पण सांगतो. फोनचा बॅटरी सेव्हर अॅपला मागं मारून टाकतो, मग जागेनुसार बदलणारे मोड अडकून बसतात. त्याला लोकेशनची परवानगी पण लागते, मला ती द्यायची नव्हती म्हणून ते फीचरच बंद ठेवलंय. अपडेट आलं की सेटिंग एकदा बघून घ्या, माझं ते बोलण्याचं सेटिंग एका अपडेटनंतर परत चालू झालं होतं.

कॉलचं विचाराल तर कॅन्सलेशन आपल्या कानापुरतं, समोरच्याला त्याचा फायदा नाही, त्याच्यासाठीचं माइकचं काम वेगळं असतं. आई अजून विचारते, "कूलरपुढं बसलायस का रे?"

आता माझं असं चालतं: बसमध्ये हातानं फुल कॅन्सलेशन, कंपनीच्या गेटपासून पुढं बाहेरचं ऐकू येणारा मोड, गाडीवर बड्स चार्जिंगच्या डब्यात. ऑटो मोडला परत हात लावलेला नाही. बॅटरी कॅन्सलेशननं लवकर उतरते हे धरूनच चला. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत डबा ठेवू नका, तापलेला डबा आमच्याकडं एप्रिलमध्ये चार्जच व्हायचा नाही, सावलीत गार झाला की मग घ्यायचा.