निसर्गऋण बायोगॅस प्रकल्प : नगरपालिकांनी घेण्याजोगा, पण तयारीने

दिल्लीच्या तिमारपूरला 1987 मध्ये रोज 300 टन कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प आला आणि थोड्याच काळात बंद पडला. आपला कचरा ओला आणि मातीने भरलेला. तो धड पेटतच नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही किलोमागे 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचरा ऊर्जेसाठी वापरायला सांगितला होता. म्हणून लहान शहरांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचे, ओला कचरा कुजवून बायोगॅस करणारे निसर्गऋण तंत्र जास्त पटते.

मिक्सरमध्ये कचऱ्याचा साधारण समप्रमाण पाण्यात लगदा होतो. पूर्वपाचक टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन तो मऊ पडतो, मग हवाबंद मुख्य टाकीत वायू तयार होतो. साध्या गोबरगॅसपेक्षा पूर्वपाचनाचा टप्पा जास्तीचा आणि खरी करामत इथलीच. गरम पाण्यासाठी छतावर सोलर हीटर असतो. पावसाळ्यात त्याला पर्यायी सोय हवीच, नाहीतर पचन मंदावते.

बिघाड बहुधा मिक्सरपाशी सुरू होतो. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, मोठी हाडे, प्लास्टिकच्या पिशव्या यांनी पाती अडकतात, म्हणून वर्गीकरणाच्या टेबलावर दोन माणसे कायम लागतात. (निविदेत नेमके हेच पगार विसरले जातात.) एकदम जास्त माल घातला की आम्ल वाढते, सामू (आम्लता दाखवणारा pH अंक) 6.5 खाली गेला तर भरणा थांबवून शेणकाला घालावा. वायूतला हायड्रोजन सल्फाईड लोहकिसाच्या गाळणीतून काढला नाही, तर जनित्र गंजते.

वीज करण्यापेक्षा जवळच्या खानावळीला थेट वायू देणे फायद्याचे. जनित्रात बरीचशी ऊर्जा उष्णतेत वाया जाते.