जुन्या फोर बाय फोरला डिझेल इंजिन: ४बीटी की आर २.८?

थकलेलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं ठरलं की शोध बऱ्याचदा कमिन्सच्या दोन इंजिनांपाशी येऊन थांबतो. एक ३.९ लिटरचं ४बीटी: पूर्ण यांत्रिक, डिलिव्हरी व्हॅनमध्ये आणि कारखान्यांच्या यंत्रांवर उमेदवारी केलेलं. दुसरं २.८ लिटरचं आर २.८: कॉमन रेल (उच्च दाबाने, संगणकाच्या हिशेबाने डिझेल फवारणारं), आणि वायरिंग, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि पेडलसकट स्वॅपसाठीच, म्हणजे जुन्या गाडीत इंजिन बदलून बसवण्यासाठीच, बाजारात आणलेलं. मी आर २.८ घेतलं. त्याआधी मित्राची ४बीटीवाली गाडी बराच काळ रोज वापरली होती, म्हणून दोन्हींबद्दल थोडंफार बोलू शकतो. गाडी रोज कामावर न्यायची आहे असं धरून लिहितोय. फक्त जंगलवाटांसाठी गाडी ठेवणाऱ्याचं उत्तर वेगळं असू शकेल.

४बीटीचं मला आजही कौतुक आहे. रोटरी पंपवालं असेल तर ते चालू राहायला पंपावरच्या शटऑफ सोलेनॉइडला (डिझेल सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला) बारा व्होल्टची एक वायर पुरते. ईसीयू नाही, सेन्सर नाहीत, गाडीच्या जुन्या वायरिंगला जवळजवळ हात लावावा लागत नाही. वाटेत बंद पडलं तर डिझेल पंपापर्यंत येतंय का आणि लाइनमध्ये हवा शिरली आहे का, एवढं आधी बघायचं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. हा साधेपणा ज्यांना हवा आहे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

माझं मन मात्र फिरलं ते आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना. या इंजिनाचा एकेक सिलिंडर जवळपास एक लिटरचा, आणि हादरे शमवणारे बॅलन्स शाफ्ट आत नाहीत. साडेसातशे आरपीएमला सेकंदाला पंचवीस स्फोट होतात आणि त्यातला प्रत्येक स्फोट चॅसीपर्यंत पोचतो. मोकळ्या रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही, उलट इंजिन मस्त खेचतं. सिग्नलला थांबलं की हादरे सुरू होतात. आतला आरसा इतका थरथरतो की मागे ट्रक आहे की दुचाकी तेही नीट कळत नाही. गिअरचा दांडा हातात नाचतो, दाराच्या काचा वाजतात, एसी लावला की आरपीएम आणखी खाली बसतो आणि सगळं दुप्पट होतं. रोजच्या रहदारीत माणूस किती वेळ नुसता उभा असतो, हे त्या गाडीत बसल्यावर कळतं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मी नेहमीपेक्षा जास्त दमलेला असायचो. हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, पण शंकाही नाही.

यावर उपाय म्हणून सगळे माउंटकडे, म्हणजे इंजिन चॅसीवर टेकवणाऱ्या गाद्यांकडे, बोट दाखवतात. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. कडक पॉलियुरेथेनचे माउंट लावले की हादरा थेट चॅसीत उतरतो. मऊ रबरी लावले की इंजिन सुरू-बंद होताना एवढं डोलतं की पंखा त्याच्या भोवतीच्या श्राउडला (आवरणाला) लागतो आणि सायलेन्सरच्या पाइपला तडे जायला लागतात. मधला मार्ग निघतो. चांगल्या कारागिराने बसवलेली, बरीच शांत केलेली ४बीटी मी पाहिली आहे. पण तो मार्ग सापडेपर्यंत माउंट पुन्हा पुन्हा काढावे-घालावे लागतात, आणि तेवढे दिवस रोजची गाडी घरी उभी राहते.

आर २.८ गप्प बसणारं आहे असं नाही. डिझेलची टकटक आहेच, विशेषतः सकाळी थंड असताना. मात्र कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याआधी थोडं डिझेल सोडून स्फोटाची धार कमी करता येते, आणि सिलिंडरही लहान. माझ्या गाडीत सिग्नलला आरसा स्थिर असतो. एवढ्यावर मी खूश आहे.

वजनातही शंभर किलोहून जास्त फरक आहे, आणि तो सगळा पुढच्या एक्सलवर. ४बीटी घ्याल तर पुढचे पाटे बदलायचे धरूनच चाला. वळणावर नाक जड लागतं ते तरीही पूर्ण जात नाही.

गिअरिंगचा हिशेब मात्र आधी कागदावर कराच. ३१ इंची टायर, ४.१० चा डिफरेन्शियल आणि टॉप गिअर डायरेक्ट (इंजिनाच्याच वेगाने फिरणारा) असेल तर २५०० आरपीएमला गाडी साधारण ताशी ९० किलोमीटरला असते. ४बीटीचा दम तिथेच संपत आलेला असतो. ओव्हरड्राइव्ह किंवा उंच रेशो नसेल तर महामार्गावर बाकीच्या गाड्या ओलांडून जात राहतील. आर २.८ ला त्याच्या वरही जागा आहे, त्यामुळे जुने एक्सल तसेच ठेवून निभावण्याची शक्यता बरीच वाढते.

आता आर २.८ च्या कटकटी. त्याला स्वच्छ डिझेल लागतं. जुन्या टाकीतला गंज आणि पाणी यांत्रिक पंप काही काळ सहन करेल, पण हजार बारच्या वर चालणारे इंजेक्टर करणार नाहीत. टाकी साफ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर चांगला लावा. दुसरं म्हणजे अर्थिंग. जुन्या बॉडीवर गंजलेल्या जागी अर्थ दिला तर ईसीयू भलभलते संकेत दाखवतो. डॅशबोर्डवरचे जुने काटेही आपोआप चालत नाहीत, त्यांची सोय वेगळी करावी लागते. वाटेत सेन्सर गेला तर हातोडी-पान्याने काम होत नाही हेही खरं, म्हणून क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं ईसीयूला कळवणारा) एक जादा गाडीत ठेवतो. वायरिंगची मला आधी धास्ती होती, पण डायग्रॅम समोर ठेवून ती सुटली. तसं ४बीटीच्या कंपनाचं झालं नाही.

ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप, इंटरकूलरला जागा, इंजिन बदलाची नोंदणी आणि परवानगी ही कामं दोन्हीकडे सारखीच. परवानगीचं तर इंजिन विकत घेण्याआधी विचारा.

तरीही मन ४बीटीकडे ओढत असेल तर तशी गाडी कुणाकडून तरी मागून आणा आणि गर्दीच्या वेळी चालवा. इंजिन तापलं, एसी लावला, की न्यूट्रलमध्ये थोडा वेळ थांबा. ते हादरे तुम्हाला चालणार असतील तर खुशाल घ्या. फक्त बसवण्याआधी टायमिंग गिअरचं कव्हर उघडून आतली डॉवेल पिन (भाग जागेवर बसवणारी छोटी खिळी) बघा. बी मालिकेच्या जुन्या इंजिनांत ती कंपनाने सरकत सरकत गिअरमध्ये पडू शकते. तिच्यावर एक छोटी पट्टी बोल्टने आवळली की ती जागची हलत नाही, आणि इंजिन बाहेर असताना हे काम फार सोपं आहे.