वर्षभर रोजची भावकॉपी: कॅल्कमधल्या शेअरभावांचा वापरानंतरचा अनुभव

पहिल्याच आठवड्यात माझ्या शीटवर रिलायन्स २,८८५, इन्फोसिस १,५९४ आणि एचडीएफसी बँक १,३३३. ऑक्टोबर २०२४ चे दिवस. रिलायन्स तसाही पावणेतीन हजारांच्या आसपास फिरत होता, त्यामुळे मला काहीच खटकलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "अगं, तीन दिवसांत आपला रिलायन्स एक पैसाही हलला नाही?"

ते भाव नव्हतेच. एनएसईने (राष्ट्रीय शेअर बाजाराने) ८ जुलै २०२४ पासून भावकॉपीचा, म्हणजे रोजच्या सगळ्या शेअरभावांच्या फाइलीचा, साचा बदलला. जुन्या फाइलीत सहावा रकाना बंद भावाचा होता. नव्या फाइलीत सहाव्या जागी प्रत्येक शेअरचा ओळख क्रमांक असतो. मैत्रिणीकडून जुनी शीट आणली, नाव शोधायचा रकाना बदलला आणि भावाचा बदलायचा राहिला. रिलायन्सचा क्रमांक २८८५, बस्स. शीटवर एरर आली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

माझी पद्धत साधी आहे. संध्याकाळी एनएसईच्या साइटवरून भावकॉपीची झिप उतरवते, आतली सीएसव्ही लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडते आणि 'भाव' नावाच्या पानावर चिकटवते. बाबांचं 'होल्डिंग'चं पान तिथून भाव उचलतं. गूगल शीट्समध्ये हेच एका सूत्रात होतं. तिथला भाव वीस मिनिटांपर्यंत उशिराचा असू शकतो असं त्यांच्याच माहितीत लिहिलंय, पण नुसती नजर टाकायला तेवढं पुरे. मला भावकॉपीच हवी होती, कारण बाबांचे बरेच शेअर जुने आहेत. दीर्घकालीन नफ्याच्या करासाठी ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भाव लागतो, आणि तो त्या दिवशी छापला तसाच हवा, नंतरच्या बोनसचा हिशेब करून बदललेला नको.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं आयआरएफसीने, म्हणजे रेल्वेसाठी पैसा उभा करणाऱ्या सरकारी कंपनीने. शेअर सव्वाशे-दीडशेच्या घरात आणि माझ्या शीटवर हजाराच्या वर! बाबा क्षणभर खूश झाले होते. झालं असं की याच कंपनीचे करमुक्त रोखेही एनएसईवर आहेत आणि त्यांचं चिन्हही (बाजारातलं छोटं नाव) आयआरएफसीच. फरक फक्त शेजारच्या 'सिरीज'च्या रकान्यात: शेअरला 'ईक्यू', रोख्यांना 'एन'ने सुरू होणारी अक्षरं. मी लावलेलं इंडेक्स-मॅच, म्हणजे नाव शोधून त्याच ओळीतला भाव आणणारं सूत्र, वरून खाली येतं आणि पहिली सापडेल ती ओळ उचलतं, इथे ती रोख्याची निघाली. मग ते काढूनच टाकलं आणि समइफ्स लावलं: चिन्ह अमुक आणि सिरीज 'ईक्यू' असेल तर बंद भाव दे. याचा आणखी एक फायदा लक्षात आला. काही जुळलं नाही की सरळ शून्य येतं. एप्रिल २०२५ मध्ये झोमॅटोचं चिन्ह बदलून 'इटर्नल' झालं, तेव्हा त्या ओळीत शून्य दिसलं आणि दोन मिनिटांत नाव बदलून मोकळी झाले. शेअर 'बीई' सिरीजमध्ये (जिथे त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही) गेला तरी शून्यच येतं, ते मात्र हाताने बघावं लागतं.

तारखांचं दुखणं भावकॉपीत नाही, तिथे वर्ष आधी येतं. ते ब्रोकरच्या खरेदी-विक्रीच्या फाइलीत आहे. ५/११ म्हणजे पाच नोव्हेंबर, कॅल्कने केला अकरा मे, कारण आयात करताना भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली होती मी. बारा तारखेच्या पुढच्या नोंदी तर तारीख न होता नुसता मजकूर म्हणून पडून राहिल्या. कंट्रोल-एफ८ दाबलं तेव्हा उजेड पडला: आकडे निळे, मजकूर काळा, सूत्रं हिरवी. एकाच रकान्यात निम्म्या तारखा निळ्या, निम्म्या काळ्या! आता आयातीच्या चौकटीत तारखेच्या रकान्याला 'दिवस-महिना-वर्ष' असं सांगूनच पुढे जाते. हे एक बटण मला आधी माहीत असतं तर दिवाळीची सुट्टी वाचली असती.

बाजाराच्या पुढच्या दिवसाची तारीख काढायला शनिवार-रविवार गाळणारं वर्कडे फंक्शन लावलं होतं. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता, पण अर्थसंकल्पामुळे बाजार चालू. फंक्शनने तो दिवस गाळला.

एचडीएफसी बँकेचा बोनस तर घरातच गाजला. एकास एक, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट. रेकॉर्ड डेट (त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर, त्यांनाच बोनस) २७ ऑगस्ट २०२५, त्या दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी. त्यामुळे भाव २६ लाच अर्धा झाला, एकोणीसशेच्या वरून हजाराच्या आत. शीटवरची शेअरची संख्या मात्र जुनीच. आरास करता करता बाबांनी मोबाइलवर एकूण रक्कम पाहिली आणि मला थेट स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. आता बोनसचा वेगळा रकाना आहे. तिथे खरेदी किंमत शून्य लिहिते, करालाही तीच लागते.

एक वाद अजून मिटलेला नाही. बाबा साडेतीनला टीव्हीवरचा शेवटचा भाव वहीत लिहितात आणि माझा आकडा दोन-तीन रुपयांनी वेगळा येतो. एनएसईचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी (जास्त शेअरच्या सौद्याला जास्त वजन), हे त्यांना तीनदा सांगून झालं. "शेवटचा म्हणजे शेवटचा," एवढंच उत्तर. भावकॉपीत दोन्ही आकडे असतात, म्हणून मी दोन्ही आणते. एका रकान्याचं नाव 'बंद', दुसऱ्याचं 'बाबा'.